अंदाजाने भरलेला बार

पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात ठासणीच्या बंदुका आहेत हे सगळ्यांना माहीत आहे; कोणाच्या घरात आहेत असं विचारलं की मात्र कोणालाच काही माहीत नसतं. मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, कुठेही जा. आश्विनात भाताला दाणा भरला की रात्री एखादा बार ऐकू येतो. आवाज जाड, फुटका असतो आणि त्यानंतर बराच वेळ सगळं शांत. ज्याला बंदुकीतलं कळतं त्याला त्या शांततेवरूनच समजतं की काडतुसाची बंदूक नाही ही; खाली बसून कोणीतरी पुन्हा नळी भरतोय. अंधारात, बॅटरी तोंडात धरून आणि अंदाजाने.

या अंदाजाबद्दलच मला बोलायचं आहे.

माझ्याकडे वडिलांकडून आलेली बारा बोअरची दुनळी आहे, परवान्यावर चढवलेली. मस्तान नाक्याच्या पुढे आमची थोडी भातशेती आहे, म्हणून ती ठेवली. पण बंदुकीपेक्षा मला जास्त कळतं ते पावडरमधलं, कारण उभा जन्म तारापूर एमआयडीसीत बॅच प्लांटवर गेला. आमच्याकडे रिअ‍ॅक्टरमध्ये काहीही टाकायचं तर आधी काट्यावर वजन, मग बॅचशीटवर टाकणाऱ्याची सही, मग शेजारी उभं राहून बघणाऱ्याची सही. नवीन मुलं हसायची. "साहेब, डोळ्यांनी दिसतंय ना, अर्धी बादली आहे." त्यांना मी एवढंच सांगायचो की अर्धी बादली हे माप दुधाचं. 11 जानेवारी 2020 ला संध्याकाळी कोलवडे गावाजवळच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसं गेली आणि आवाज कित्येक किलोमीटर गेला. त्यानंतर आमच्या बोईसरमध्ये कोणी हसलं नाही. अर्थात पुढे सहा महिन्यांनी पुन्हा हसायला लागले, तो भाग वेगळा.

तर पावडर. माझा भाचा टेक्सासात असतो. संगणकातला माणूस, पण तिथे गेल्यावर त्याला बंदुकीचा नाद लागला आणि त्याने लिव्हर अ‍ॅक्शन रायफल घेतली. काउबॉयच्या सिनेमात घोड्यावर बसलेला माणूस चापाखालची कडी खाली ओढतो, वर मारतो आणि पुन्हा गोळी झाडतो, तीच ही. विंचेस्टरचं 1873 चं मॉडेल जगभर गाजलं, 1894 चं तर त्याहून जास्त खपलं. आता हा भाचा काडतुसंही घरी भरतो. गॅरेजमध्ये लाकडी बाक, त्यावर लोखंडी प्रेस बोल्ट मारून बसवलेला. झाडलेली पितळी टोपणं गोळा करायची, धुवायची, तपासायची. प्रेसमध्ये दाबून मूळ मापाला आणायची. बुडाशी नवी प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटणारी टोपी, बसवायची. छापील पुस्तकात दिलेल्या मापाने दारू घालायची. वरून शिशाची गोळी बसवून तोंड आवळायचं. गोळी सिगारेटपेक्षा स्वस्त पडते, असं तो म्हणतो. तिकडच्या सिगारेटचा भाव मला माहीत नाही, पण खर्च वाचतो हे खरं असावं.

त्याने व्हिडिओ पाठवले ते मी पूर्ण बघितले, दोनदा. मला प्रेसपेक्षा त्याच्या बाकावरचा काटा आवडला. पावडरच्या एका कणाने काटा हलतो, इतका नाजूक. आणि त्याची एक सवय आवडली: बाकावर एका वेळी एकाच जातीच्या पावडरचा डबा. बाकीचे कपाटात, कपाट बंद. दुसरा डबा बाहेर असेल तर काम सुरूच करायचं नाही. हे त्याला कोणी कायद्याने सांगितलेलं नाही. तिथल्या जुन्या माणसांनी शिकवलं, कारण दोन पावडरी दिसायला सारख्या असतात आणि जळायला अगदी वेगळ्या.

लिव्हर अ‍ॅक्शनची आणखी एक गोम त्याने सांगितली. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका लांब नळीत एकामागे एक आडवी बसतात. म्हणजे मागच्याच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं. टोक अणकुचीदार असेल आणि झाडताना धक्का बसला, तर काडतूस आतल्या आतच उडू शकतं. म्हणून या रायफलीला चपट्या नाकाची गोळी. आणि स्प्रिंगच्या दाबाने गोळी टोपणात आत ढकलली जाऊ नये म्हणून तोंड घट्ट आवळलेलं. शिकाऊ माणूस हे आपल्या बुद्धीने शोधून काढू शकत नाही. शोधून काढेल त्या दिवशी उशीर झालेला असेल.

हे व्हिडिओ मी आमच्या सोसायटीतल्या दोन पोरांना दाखवले आणि फसलो. त्यांचे डोळे चमकले. काका, आपल्याकडे हे कसं सुरू करायचं? प्रेस ऑनलाइन मिळेल का?

सुरू करायचं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे काय याची व्याख्या वाचली की पोरांचा उत्साह मावळतो. गोळी, काडतूस तर त्यात आहेच. पण दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायचं यंत्रसुद्धा त्याच व्याख्येत बसतं. म्हणजे भाच्याच्या बाकावरचा तो लोखंडी प्रेस इथे बोईसरला परवान्याशिवाय घरात आणला, तर कायद्याच्या नजरेत तो रिकामा प्रेसही दारूगोळाच. दारूगोळा बनवायचा तर कलम 5 खाली उत्पादनाचा परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याचा साधा परवाना तिथे उपयोगाचा नाही. विनापरवाना उत्पादनाची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीने वाढवून किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप केली. शिवाय रायफल आणणार कुठून? खासगी माणसाला बाहेरून शस्त्र आयात करणं 1980 च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तुम्हाला-मला नाही. नेमबाजीच करायची असेल तर एअर रायफलपासून सुरुवात करा म्हटलं. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसहून रायफलमध्येच ब्राँझ घेऊन आला. पोरं "बघू" म्हणाली. बघू म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

मला स्वतःला हा कायदा पटतो. बोईसरच्या वन-बीएचकेमध्ये, गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर कोणी दारू मोजत बसावं, असं मला वाटत नाही. जुन्या काळी आपल्याकडेही काडतुसं भरायचे. डहाणूच्या एका चिकूवाडीत लहानपणी मी ते पाहिलं आहे: पितळी टोपणं, लाकडी ठोकणी, आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने अडकवलेलं हातयंत्र, दांडा फिरवला की कागदी काडतुसाचं तोंड आत वळायचं. पण ती वाडी होती, भोवती चिकूची झाडं होती आणि भरणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाताला त्याची सवय होती. शिवाय बारा बोअरची काडतुसं खडकीच्या कारखान्याची मिळतात. बुडावर केएफ ही अक्षरं असतात. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा; आता तो आणि जळगावकडचा वरणगावचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. तपासून आलेलं काडतूस मिळत असताना घरी खटाटोप कशाला?

इथपर्यंत सरकारचं आणि माझं एकमत आहे. पुढे नाही.

कारण याच कायद्यात एक माणूस असा आहे, ज्याला प्रत्येक बार स्वतःच भरावा लागतो. कलम 13 वाचा. तिथे स्पष्ट लिहिलं आहे की पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा. परवान्यावर तिला एसबीएमएल म्हणतात. पिस्तूल किंवा रायफल मागणाऱ्याला कारण पटवून द्यावं लागतं. ठासणीवाल्याच्या बाबतीत कायद्याचा कल देण्याकडे आहे. कायदा करणाऱ्यांना 1959 मध्ये शेतकरी दिसत होता. आजच्या फायलीत तो दिसत नाही.

ठासणीची बंदूक भरणं हे काय काम आहे ते बघा. घोडा उतरवलेला आहे ना, टोपी काढलेली आहे ना, हे आधी पाहायचं. आधीचा बार नळीत पडून नाही ना, हे गज सोडून बघायचं. मग नळीत दारू, त्यावर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा. सगळ्यात शेवटी निपलवर टोपी. भाच्याच्या गॅरेजमध्ये जे काम चांगल्या उजेडात, काट्यावर, पुस्तक उघडं ठेवून होतं, तेच काम इथे बांधावर, पावसाची चिरचिर चालू असताना, समोर डुकरांचा कळप चरत असताना करायचं. तिकडे चूक झाली तर तपासायला वेळ असतो. इकडे डुक्कर वाट बघत नाही, म्हणून माणूस पायऱ्या गाळतो. आधीचा बार उडाला नाही हे गडबडीत विसरून वर दुसरा भरतो. बोळा आणि दारू यांच्यात फट ठेवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाताला लागेल ती दारू घालतो. ठासणीला काळी दारू लागते. काडतुसातली बिनधुराची दारू तिच्यात घातली की नळी तो दाब झेलत नाही. फटाक्यातून काढलेल्या दारूचं तर काही सांगताच येत नाही, कारण ती किती जोराने जळेल हे फटाका बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि नळी? परवान्याची बंदूक असेल तर नळी दाबाला तपासलेली असते. गावठी असेल तर पाइप.

आमच्या शेताकडच्या वीटभट्टीवर एक जण कामाला आहे. डाव्या हाताचा अंगठा पेऱ्यापासून नाही, शेजारच्या बोटाचं नख वाकडं, आणि मनगटापासून वर काळे बारीक ठिपके, गोंदल्यासारखे. ते ठिपके कसले हे मला लगेच कळलं. जळके कण कातडीखाली राहिले की असे दिसतात. मी विचारलं, काय रे, काय झालं? "पत्रा लागला, भाऊ." बरं म्हटलं. पत्रा लागला असं त्याने दवाखान्यातही सांगितलं असणार. दुसरं सांगितलं असतं तर औषधपाण्याआधी पोलीस आले असते. आता अशा माणसाला चुकलं कुठे हे कोण सांगणार? आमच्या प्लांटवर अपघात झाला की निदान एक कागद तयार व्हायचा, तो दुसऱ्या पाळीला वाचून दाखवायचे. इथे अपघात पत्र्याच्या नावावर जातो आणि शेजारच्या पाड्यावर पुढच्या आश्विनात तोच प्रकार पुन्हा होतो.

रीतसर परवाना काढा म्हणावं, तर त्या वाटेची हकिकत ऐका. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्याआधी ठाण्याला जावं लागायचं. आता जिल्हाधिकारी कार्यालय कोळगावला आहे एवढी सोय झाली. 2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं. ही अट मला शंभर टक्के मान्य आहे. पण मोखाड्याच्या वरई-नागली करणाऱ्या माणसाने ते घ्यायचं कुठे? त्याच्या तालुक्यात तर नाही. वाड्याच्या शेतकऱ्याचं आणखी निराळं. वाडा कोलम तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांनी फोटो काढले. पण वाडा तालुका तानसा अभयारण्याला लागून आहे, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. नियम चुकीचा नाही, चोरट्या शिकारीसाठी तो लागतोच. पण जिथे जंगल तिथे डुक्कर आणि जिथे डुक्कर तिथेच परवान्याला सर्वांत लांबची वाट. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने अर्ज केला, कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. त्याला विचारलं गेलं, जिवाला धोका असल्याचा पुरावा आहे का? तो म्हणाला, जिवाला नाही, भाताला आहे. अर्ज अजून तिथेच आहे.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांचीही गंमत आहे. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, मतदान 20 नोव्हेंबरला, निकाल 23 ला. म्हणजे भात तयार होऊन कापून खळ्यावर येईपर्यंतचा नेमका काळ. पीक राखायला दिलेली बंदूक पीक उभं असताना ठाण्याच्या कोठडीत आणि पेंढा घरात आल्यावर परत. जिल्ह्याला छाननी समिती असते, कोणाची बंदूक जमा करायची आणि कोणाची नाही हे तिने एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असतं. पीकसंरक्षणाच्या ठासणीने मतदान केंद्र ताब्यात घ्यायला कोणी निघाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पहिल्या बारानंतर लोक त्याला धरून घेऊन जातील. अशा परवान्यांना कापणीच्या दिवसांत सरसकट सूट द्यायला समितीला काय अडचण आहे?

आता उलट बाजू. ती तोंड चुकवण्यासारखी नाही. 2025 च्या जानेवारी महिन्याच्या शेवटी मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला. त्यातल्याच एकाने आपल्या सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. माणूस जागीच गेला. बाकीच्यांनी घाबरून प्रेत झुडपात लपवलं आणि गप्प बसले. काही दिवसांनी पोलिसांनी शोधून काढलं आणि धरपकड झाली. ही बातमी वाचून आमच्याकडे दोन मतं झाली. एक, या लोकांच्या हातात बंदूक नकोच. दुसरं, डुकरांचा बंदोबस्त सरकार करत नाही म्हणून हे होतं.

मला दोन्ही पटत नाहीत. शिकार आणि राखण एक नाही. पिकाचा परवाना हा डुक्कर मारायचा परवाना नसतो. मारायचं तर वनविभागाची वेगळी परवानगी लागते. राखणदार आपल्या माळ्यावर एका जागी बसतो, शेजारच्याला तो कुठे बसलाय ते ठाऊक असतं, आणि पुष्कळदा नुसत्या आवाजाचं काम असतं. रानात गट पांगवून हाकारे घालणं म्हणजे माणसं कुठे आहेत हेच कोणाला माहीत नसणं. पण त्या बातमीतली मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट गोळीनंतरची आहे. प्रेत लपवलं. अंगठा गमावलेला माणूस पत्र्याचं नाव सांगतो आणि हे प्रेत झुडपात टाकतात, दोन्ही एकाच भीतीने. जे काम मुळातच चोरून होतं, त्यात सुरक्षेचा धडा देणार कोण आणि घेणार कोण?

बंदूक नाहीच द्यायची म्हटलं तर काय होतं तेही दिसतं. कोणी कुंपणात वीज सोडतो, आणि पहाटे परसाकडे गेलेला शेजारी चिकटतो. कोणी आमिषात स्फोटक लपवून ठेवतो, डुकराऐवजी गाय तोंड घालते. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलं भातही जातं. कुंपणाला अनुदान द्या, जरूर द्या. सगळ्या डोंगराला कुंपण घालणं होणार नाही, हे मात्र अनुदान देणाऱ्यालाही कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. प्रेसचं दार बंद ठेवा, माझी हरकत नाही. पण कलम 13 चं दार कायद्यात उघडं आहे, ते प्रत्यक्षात उघडा आणि दारातच प्रशिक्षण ठेवा. जव्हार, विक्रमगड, वाडा, डहाणू इथे वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, दोन दिवसांचं शिबिर. शिकवायला खडकी-वरणगावचे निवृत्त कारागीर आहेत, पोलिसांचे शस्त्रागारातले हवालदार आहेत. शिकवायचं तेही फार नाही: गज आधी, टोपी शेवटी, काळ्या दारूशिवाय काही नाही, माप म्हणजे माप, ओंजळ नाही. प्रत्येकाला बंदुकीसोबत पितळी मापटं द्या, भरून सपाट केलं की बरोबर एक बार. दारू आणि टोप्या परवान्यावर मिळाव्यात आणि त्या घ्यायला शेतकऱ्याला मुंबई गाठावी लागू नये. ज्याच्याकडे गावठी आहे त्याने ती ठरावीक मुदतीत आणून टाकावी, गुन्हा नोंदवू नये, आणि पात्र असेल तर तपासलेल्या नळीची घेण्यासाठी त्याचा अर्ज पुढे न्यावा. मुदत संपल्यावर मात्र कायदा दाखवा, कडक दाखवा.

एका निवृत्त अधिकाऱ्याशी हे बोललो, तर ते म्हणाले, अहो, अशाने बंदुका वाढतील. मी म्हटलं, साहेब, वाढणार नाहीत, मोजल्या जातील. ते म्हणाले, मोजल्या की आकडा वाढलेला दिसतो, आणि आकडा वाढला की वरून विचारतात. प्लांटवर हेच ऐकायचो मी, अपघाताची नोंद केली की अपघात वाढल्यासारखे दिसतात म्हणून.

छाननी समितीच्या सवलतीला तर नवा कायदाही लागत नाही, शिबिराला खर्चही नाही, पोलीस मुख्यालय आहेच. पेरणीआधी परिपत्रक निघालं तर यंदाच्या आश्विनापर्यंत पहिली तुकडी शिकून तयार होईल. त्या तुकडीत बसायला वीटभट्टीवरच्या माणसाला मी स्वतः घेऊन येईन. तो यायला तयार होईल का, हे त्याच्यावर गुन्हा लागणार नाही असं लिहून मिळतं की नाही यावर आहे.